माझे तास जागृतीच्या नावावर

बुधवार, ३ सप्टेंबर २०२५. दुपारी ३.

ही वही जागृतीने दिली. म्हणाली, आजी, राग आला की यात लिही, सगळ्यांना फोन नको करत बसू. मला राग येत नाही. बीपीची गोळी रोज घेते. पण वहीवर फुलं छान आहेत, म्हणून लिहिते.

आज राग आला.

सोबती सेंटरला गेले होते. जागृती, माझी नात, तिथे नोकरी करते. संस्थाच आहे ती, आपल्याकडून इथे मिशिगनला आलेल्या लोकांसाठी. बुधवारी मोठ्या खोलीत म्हाताऱ्यांचा चहा असतो. आतल्या छोट्या खोलीत जागृती एकेकाला बसवते आणि दार लावून त्याचं दुःख ऐकते. आज एक नवीन बाई आल्या होत्या, म्हणून सगळ्यांनी ओळख करून दिली. मी उभी राहिले. जय भीम, मी रमाबाई, नागपूरची, एकतीस वर्षं सोशल वर्कर. एवढंच बोलले. बसले.

चहा झाल्यावर नीलांबरीने बाजूला घेतलं. ही सेंटरची मुख्य. पुण्याची. जागृतीची साहेबीण. हळूच म्हणते कशी, रमाताई, राग मानू नका हं, पण या राज्यात रजिस्ट्रेशन असल्याशिवाय स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही. कायदाच आहे. तुम्ही व्हॉलंटियर म्हणा ना.

व्हॉलंटियर!

तक्षशिला वस्तीत एकशे दहा घरांना रेशनकार्ड कोणी मिळवून दिली? नळ कोणी आणला? पोलीस चौकीत रात्रभर कोण बसलं? तेव्हा कुणी विचारलं नाही, बाई तुझं रजिस्ट्रेशन दाखव. माझं शिक्षण चौथी. लिहायला नीट शिकले ती प्रज्ञा महिला संस्थेच्या प्रौढ वर्गात, चौतीस वर्षांची असताना, आणि दोन वर्षांत त्याच संस्थेत कार्यकर्ती झाले. ही नीलांबरी तेव्हा पुण्यात दुधाचे दात पाडत असेल.

येताना माझा चिवड्याचा डबा परत घेऊन आले. त्यांनी अजून खाल्लाही नव्हता.

शुक्रवार, ५ सप्टेंबर.

जागृतीला विचारलं. वाटलं, ती म्हणेल, नीलांबरी वेडी आहे. ती म्हणाली, इट्स ट्रू, आजी. जसं डॉक्टरचं, तसंच हे. उद्या कुणीही उठून म्हणेल मी सोशल वर्कर, आणि लोक त्याला घरातलं सगळं सांगतील. मग त्याने काही वाकडं केलं तर पकडायचं कुणाला? रजिस्टरमध्ये नाव असेल तर पकडता येतं.

मी म्हटलं, मला पकडायला वस्ती होती. माझं घर दिसत होतं सगळ्यांना.

हसली. गळ्यात पडली. पोट्टी गोड आहे. मग समजावलं. तिच्याकडे आत्ता कच्चं लायसन्स आहे. नीलांबरीच्या देखरेखीखाली चार हजार तास काम करायचं, एक परीक्षा द्यायची, मग पक्कं. अगदी गाडीच्या लायसन्ससारखं. परीक्षा पुढच्या आठवड्यात.

आमच्या घराण्यात सरकारी रजिस्टरात नाव यायचं ते मतदार यादीत. इथे माझी नात पक्की होणार, आणि तीही माझ्याच धंद्यात! दिवसभर एकटीच हसत होते. सुनेने, पायलने, विचारलं, आई, काय झालं?

ठरवलं. एक तर नीलांबरीशी अबोला. रोज अर्धा तास चालायचं. आणि लायसन्स हातात येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

संध्याकाळी. धाकट्या बहिणीला सांगितलं, ती कुणाला सांगणार नाही. शेजारच्या इलाबेनना सांगितलं, त्या गुजराती आहेत, त्यांनी सांगितलं तरी गुजरातीतच सांगतील.

बुधवार, १० सप्टेंबर.

सेंटरला गेले. अबोला आहे, पण तो नीलांबरीशी आहे, सेंटरशी नाही.

बाकावर बसले. तो बाक छोट्या खोलीच्या अगदी समोर आहे. मी कुणाला काही विचारत नाही, पण डोळे तर मिटून बसता येत नाही. अकराला मनोहर काका आत गेले. ते नाशिकचे, कोर्टात टायपिस्ट होते. मागच्या वर्षी बायको गेली, मग मुलाने, ईशानने, इकडे आणलं. पाऊण तासाने बाहेर आले तर डोळे लाल. मी चिवडा पुढे केला. घेतला. माणूस हलका झाला की खातो, हे मी एकतीस वर्षांत शिकले, त्याला परीक्षा लागत नाही.

मग उल्का आत गेली. तिशीची असेल. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

एक मात्र पटत नाही. दार कशाला? आम्ही लिंबाखाली सतरंजी टाकून बसत होतो. एकीने सांगितलं की दुसरीला धीर यायचा. इथे दुःख म्हणजे जणू चोरीचा माल. घरी जागृतीला सहज विचारलं, मनोहर काका आज फार रडले का ग? ती म्हणाली, आजी, मी कुणाबद्दलही बोलणार नाही, आणि तूपण बोलू नकोस. बरं म्हटलं.

विचारलं नव्हतंच मी तसं. काळजी केली होती.

बुधवार, १७ सप्टेंबर. संध्याकाळी.

पास! पास! पास!

पोट्टी पास झाली. अतुल, माझा मुलगा, ऑफिसातून लवकर आला. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे, सहसा असा हसत नाही. पायलने खीर केली. मी जागृतीची दृष्ट काढायला मिरच्या घेतल्या तर अतुल म्हणाला, आई, आपण हे मानत नाही, आणि स्मोक अलार्म वाजेल. दोन्ही खरं आहे. पण आनंदाने हात चालून राहिला होता, करू काय.

पायल म्हणाली, अजून लायसन्स आलं नाही हं, आई. तास पूर्ण झाल्याचा फॉर्म नीलांबरीने भरायचा, मग अर्ज जाणार.

मग भरा की! पेन नाही का तिच्याकडे?

बुधवार, २४ सप्टेंबर.

फॉर्म भरला नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर.

नाही भरला. जागृती विषय काढला की टाळते. ताटातली भाजी नुसती फिरवत बसते.

मला कळलं सगळं. आयुष्यभर हेच बघत आले. आडनाव वाचायचं आणि फाइल ढिगाच्या तळाशी सरकवायची. तहसीलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत सरकवली आहे, तीन वेळा, तीन वेगळ्या साहेबांनी, आणि तिघेही नीलांबरीसारखेच गोड बोलत होते. अतुलला म्हटलं, तर म्हणाला, आई, नीलांबरी तशी नाही. मी म्हटलं, सुरुवातीला कुणीच तसं नसतं.

जागृतीने ऐकलं. ती काही माझ्यावर हसली नाही. म्हणाली, आजी, असं होतं, मला माहीत आहे, इथेसुद्धा होतं. पण हे ते नाही. प्लीज, तू यात पडू नकोस.

मी पडत नाही. रविवारी नीलांबरीला फक्त विचारणार आहे.

रविवार, २८ सप्टेंबर. सकाळी ११.

विचारायची गरज पडली नाही. पायलच्या तोंडून निघालं. पोळ्या करता करता मी म्हणाले, त्या बाईला भेटून दोन शब्द सुनावते, तर पायल म्हणाली, आई, नीलांबरीची काही चूक नाही. तास कमी पडतात. फेब्रुवारीत तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा जागृती सहा आठवडे रजेवर होती. दोनशे चाळीस तास राहिलेत. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होतील पूर्ण. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तिने सांगू नका म्हटलं होतं.

पोळी जळली.

फार राग आला. जागृतीचा आला, मला सांगितलं नाही म्हणून. पायलचा आला, सांगितलं म्हणून. त्या डॉक्टरचा आला, सहा आठवडे म्हणाला, चार का नाही म्हणाला? मी तेव्हा म्हणतच होते, एकटी राहीन. म्हणजे मनात म्हणत होते. तोंडाने जागृतीला हाका मारत होते, कारण ती उशी नीट लावायची.

दुपारी २.

झोप नाही. पडल्या पडल्या हिशेब केला.

माझे तास आहेत की! एकतीस वर्षं. सुट्ट्या सोडून वर्षाचे तीनशे दिवस धरले. दिवसाला आठ तास, खरं तर दहा, पण आठच धरते, नंतर कुणी खोटं म्हणायला नको. चौऱ्याहत्तर हजार चारशे. दोनदा गुणाकार केला. चौऱ्याहत्तर हजार चारशे तास नुसते पडून आहेत, त्यांचा कुणाला उपयोग नाही. त्यातले दोनशे चाळीस जागृतीच्या नावावर केले तर मला कमीसुद्धा वाटणार नाहीत.

माझ्याच गुडघ्याने गेले, माझ्याच खात्यातून भरून द्यावेत, यात न्याय आहे. कुठलाही अधिकारी ऐकेल. फक्त नीट मांडलं पाहिजे.

लायसन्स देणाऱ्या सरकारी ऑफिसला निवेदन द्यायचं. सह्यांसकट. जागृतीला आत्ताच सांगायचं नाही, लायसन्स आल्यावर तोंड बघायचं तिचं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. अशोक विजयादशमी.

हॉलवर बुद्धवंदनेला गेलो. सगळी आपली माणसं, पांढरे कपडे, लहान पोरं इंग्रजीत भांडून राहिली होती. जागृती स्टेजवर दोन शब्द बोलली, मराठीत, थोडं अडखळत. माझी छाती ही एवढी.

बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा म्हणताना मनात तेविसावी घेतली. निवेदन जाणार म्हणजे जाणार.

बुधवार, ८ ऑक्टोबर. दुपारी ४.

काम झालं.

इंग्रजीचं अडत होतं. चहाच्या वेळी मनोहर काकांना विचारलं, काका, एक अर्ज लिहून द्याल? माणूस असा उजळला! नाशिक कोर्टात सत्तावीस वर्षं हेच केलं म्हणाले. खिशातून पेन काढलं, टोपण लावलं, पुन्हा काढलं. मी मराठीत सांगत गेले, ते इंग्रजीत लिहीत गेले. काय अक्षर आहे! माननीय महोदय, आम्ही खाली सह्या करणारे, वगैरे सगळं रीतसर.

खाली रकाने मी आखले. आमच्या संस्थेची पद्धतच होती. नाव, पत्ता, काय त्रास होता, कार्यकर्तीने काय काम केलं, सही. नुसत्या सहीला साहेब किंमत देत नाही. त्रास लिहिला की त्याला माणूस दिसतो.

पहिली ओळ मनोहर काकांनीच भरली. कोर्टातला माणूस, रकाना रिकामा सोडवेना. लिहिलं, पत्नीच्या निधनानंतर रोज सकाळी रडू येते, मुलाच्या घरात ओझे झालो असे वाटते, जागृती मॅडमशी बोलल्यावर दिवस जातो. मग पेन थांबवलं. विचारलं, रमाताई, हे त्या ऑफिसलाच जाणार ना? मी म्हटलं, तर! दुसरीकडे कुठे जाणार?

छोट्या खोलीत जाणारे मला बाकावरून पाठ झालेत, त्यांनाच एकेक करून गाठलं. नऊ सह्या मिळाल्या. उल्काला विचारलं तर अंगावर आली. म्हणाली, काकू, मी आत जाते हे तुम्हाला कुणी सांगितलं? आत काय बोलते ते माझं आणि जागृतीचं आहे. मला यात घालू नका. पर्स उचलली आणि चालती झाली.

इतकी चांगली पोरगी झटते हिच्यासाठी, आणि एक सही जड झाली. असली माणसं वस्तीतही होती. नळ आला की पहिली घागर त्यांची.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. सकाळी १०.

निवेदन रवाना. पत्ता सेंटरच्या भिंतीवरच्या कागदावरून उतरवून घेतला होता. पायलच्या ड्रॉवरमधली झेंड्याची तिकिटं लावली. किती लागतात माहीत नव्हतं, सहा लावली. स्वतः चालत पेटीपर्यंत गेले. गुडघा दुखला, दुखू दे.

११ वाजता.

पोच राहिली! निवेदन दिलं की दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा, हे मी नवीन मुलींना पहिल्या दिवशी शिकवत असे. इथे पेटीत टाकायचं, शिक्का कोण देणार? पण टाकायच्या आधी मी फोनवर फोटो काढला होता. तो ज्येष्ठ मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आज रोजी निवेदन दिले. म्हणजे सगळे साक्षीदार. उद्या कुणी म्हणायला नको की आलंच नाही.

दुपारी १.

अठरा हात जोडलेले, सात फुलं. कुणीतरी लिहिलं, रमाताई वाघीण आहेत. ग्रुपमध्ये म्हाताऱ्यांची मुलंसुनाही आहेत, कारण म्हाताऱ्यांना फोन चालवता येत नाही, म्हणजे एकूण चाळीसेक जण. चांगलं आहे. तरुणांनाही कळू दे काम कसं करतात.

दुपारी ३.

मनोहर काकांचा फोन येऊन गेला. दोनदा. आभार मानायला असेल. भाजी निवडत होते.

संध्याकाळी ५.

त्यांच्या ईशानने ग्रुपवर इंग्रजीत काहीतरी टाकलं. अतुल आल्यावर वाचून घेईन.

शनिवार, ११ ऑक्टोबर.

काल संध्याकाळनंतर लिहिलं नाही.

ईशानने लिहिलं होतं, हे ताबडतोब काढा. अतुलने वाचलं, मग फोटो मोठा करून वाचला, आणि जागृतीला हाक मारली. जागृती उभी राहून वाचत होती. मग खाली बसली, जमिनीवर, कपाटाला टेकून. ओरडली असती तर बरं झालं असतं. काढून टाक म्हणाली तर मला जमेना, तिने हातातून फोन घेतला. तिने काढलं. पण तोवर सगळ्यांनी बघितलं होतं.

आणि मग काय केलं असेल? स्वतः नीलांबरीला फोन लावला. स्वतः! म्हणाली, माझ्या क्लायंटची नावं आणि खाजगी गोष्टी बाहेर गेल्या आहेत, माझ्या घरातून. मी खुणा करत होते, नको सांगू, नको सांगू. आमच्याकडे कुणी आपण होऊन चौकीत जाऊन सांगत नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, आजी, हाच तर जॉब आहे.

मला एवढंच म्हणायचं आहे की मी कुणाचं वाईट लिहिलेलं नाही. जे लिहिलं ते त्यांनीच लिहिलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर.

मनोहर काकांना चार फोन केले. उचलत नाहीत. कोर्टातली माणसं हट्टी असतात.

बुधवार, १५ ऑक्टोबर. दुपारी.

सेंटरला गेले. गेले नसते तर लोक म्हणाले असते, रमाबाई घाबरली. मनोहर काका नव्हते. उल्का नव्हती. सह्या करणाऱ्यांपैकी दोघंच आले होते आणि ती दोघं माझ्यापासून लांब बसली. बाक तिथून उचलून दाराजवळ ठेवला आहे.

नीलांबरीने मला छोट्या खोलीत बोलावलं. पहिल्यांदाच आत गेले. दोन खुर्च्या, एक झाड, कागदी रुमालांचा डबा. दार लावलं तिने. दार लावल्यावर बाहेरचं काही ऐकू येत नाही, कप वाजल्याचंसुद्धा नाही. माझ्या मनात आलं, इथे मीही बोलले असते. मग लगेच राग आला.

म्हणाली, जागृतीला जानेवारीपर्यंत कुणाला भेटता येणार नाही. तोवर तिचे तास थांबले. चौकशी होईल, आमचीही होईल, कारण तो बाक आम्हीच तिथे ठेवला होता. रमाताई, नऊ जणांपैकी पाच जणांनी येणं बंद केलं आहे. त्यात एक असे आहेत की त्यांनी एकटं राहणं मला अजिबात बरं वाटत नाही.

नाव घेतलं नाही तिने. तेव्हासुद्धा घेतलं नाही.

मी म्हटलं, सगळं माझ्यावर घाला, जागृतीला सोडा. मी या क्षणी सेंटरचा राजीनामा देते.

तर म्हणाली, रमाताई, तुम्ही कशावरच नव्हता. राजीनामा कशाचा घेऊ?

गुरुवार, ३० ऑक्टोबर.

ऑफिसचं उत्तर आलं. मी तर म्हणतच होते, उत्तर येतं! पायलने उभ्याउभ्या वाचलं. पत्राबद्दल धन्यवाद. एका व्यक्तीचे तास दुसऱ्या व्यक्तीच्या नावे करता येत नाहीत. या नावाचा कोणताही अर्ज अद्याप आमच्याकडे आलेला नाही. नऊ लोकांची खाजगी माहिती असलेला कागद सोबत परत पाठवत आहोत.

बघा, अर्जच पोचलेला नाही, म्हणजे त्यांच्या दप्तरात जागृतीचं नाव खराब झालेलं नाही. जेवताना मी तसं म्हणाले. नुकसान काहीच झालं नाही म्हणायचं.

अतुल ताटावरून उठला. तो कधी उठत नाही.

जागृती आता दिवसभर सेंटरच्या मागच्या खोलीत खोकी लावते. तिने मला एक वाकडा शब्द बोललेला नाही. उशीसुद्धा लावून देते. मला सहन होत नाही हे. पायलवर ओरडले, मीठ जास्त झालं म्हणून. जास्त नव्हतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर. दुपारी.

मनोहर काकांकडे गेले. मीच जागृतीला म्हटलं, मला घेऊन चल, समोरासमोर माफी मागते, माझ्याशी बोलल्यावर माणूस मोकळा होतो. पुरणपोळ्या केल्या होत्या. रस्ताभर मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. काका, आपण दोघं जुनी माणसं, असं सुरू करणार होते. जागृतीने गाडी कोपऱ्यावरच थांबवली. तिला दारात जायची परवानगी नाही.

ईशानने दार उघडलं. घरूनच काम करतो वाटतं, कानाला यंत्र होतं, ते काढलं. नीट बोलला. म्हणाला, बाबा झोपलेत. साडेअकरा वाजले होते. आत टीव्ही चालू होता, मराठी बातम्या, आणि मी काका म्हणून हाक मारली तसा आवाज बंद झाला.

मी म्हटलं, बाळा, माझ्या मनात वाईट नव्हतं. तो म्हणाला, माहीत आहे, काकू. पण माझे बाबा रोज सकाळी रडतात, हे मला चाळीस लोकांबरोबर कळलं. आता मी विचारलं तर म्हणतात, छे, काही नाही. आणि बुधवारी बाहेर पडत नाहीत. कुठेच पडत नाहीत.

डबा घेतला त्याने. थँक यू म्हणाला. दार लावलं, आपटलं नाही.

गाडीत बसले. जागृती मराठीत म्हणाली, आजी, तुझ्या वस्तीत असं कधी नाही झालं? कुणी यायचं थांबलं, असं?

कधीच नाही, मी म्हटलं. एकतीस वर्षांत एक नाही. मोठ्याने म्हटलं.

ती बरं म्हणाली.

घरी येऊन पडले. डोळ्यांसमोर सारखी वनमाला. गल्लीच्या टोकाला राहायची, उंच, डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. मला एकटीला गाठून सांगितलं होतं की नवरा मारतो, कुठे ते दाखवलं पण होतं. मी मंगळवारच्या बैठकीत लिंबाखाली सगळ्यांसमोर विषय काढला. तिचं नाव घेऊन. तिच्याच भल्यासाठी, सगळ्या बाया मिळून त्याला जाब विचारतील म्हणून. ती सतरंजीचा काठ धरून बसली होती, मान खाली. पुढच्या मंगळवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

संस्थेच्या रजिस्टरात मी लिहिलं, माहेरी गेली. मॅडमने विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. इतकी वर्षं मला स्वतःलाही तेच आठवत होतं.

तिला माहेर नव्हतं. ते तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.